हिरव्या छतावर साठवलेल्या पावसाच्या पाण्यावर मे महिन्यात बाग जगेल का?

सोनचाफा, मनीषनगर

नमस्कार मंडळी. आमचं घर दुमजली, १९९४ चं बांधकाम. गच्ची साधारण १,२०० चौरस फूट आणि खाली घराभोवती ६०० चौरस फुटांची बाग. बागेत सोनचाफा, कढीपत्ता, दोन लिंबं, मधुमालतीचा मांडव आणि सासूबाईंनी लावलेला पारिजातक. पावसाळ्यात काही बघावं लागत नाही. होळी झाली की हाल सुरू होतात. नळाचं पाणी घरापुरतं येतं, त्यात कूलरला किती लागतं ते नागपूरकरांना सांगायला नको. टँकर मागवून पारिजातकाला घालायचा हे मला पटत नाही. ते पाणी कुणाच्या तरी भागातल्या विहिरीतून उपसलेलं असतं.

गच्ची गळते म्हणून यंदा वॉटरप्रूफिंग करायचंच आहे. त्यासाठी आलेल्या कंत्राटदाराने सुचवलं की वर हिरवं छतच करून टाकू. खाली सहा इंच पाणी धरणारे प्लास्टिकचे खोके, त्यावर सहा इंच माती, त्यावर लॉन. खोक्यांत साठलेलं पाणी वरच्या लॉनला मिळेल आणि पाइपने खालच्या बागेलाही सोडता येईल. "मेपर्यंत बघायला नको," असं तो म्हणाला.

कल्पना मला मनापासून आवडली आहे. वरच्या मजल्यावरच्या खोल्या एप्रिल-मेमध्ये रात्री दहालाही तापलेल्या असतात, त्याही थंड होतील. पण स्लॅबला हे पेलेल का, पाणी खरंच मेपर्यंत टिकेल का आणि डासांचं काय, हे कळल्याशिवाय मी होकार देणार नाही. नागपुरात ज्यांनी असं काम केलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा.

स्लॅब-बीम, खामला

ताई, आधी वजनाचं बोलू, मंग बाकीचं.

एक चौरस मीटरवर एक सेंटीमीटर पाणी म्हणजे १० किलो. सहा इंच म्हणजे १५ सेंटीमीटर, तं १५० किलो नुसतं पाणीच झालं. त्यावर सहा इंच माती. ती ओलीच धरून मोजायची, काहून की पावसाळ्यात ती ओलीच राहणार आहे. भिजलेली माती घनमीटरला १,८०० किलोच्या आसपास जाते, म्हणजे आणखी २७० किलो. दोन्ही मिळून चौरस मीटरला सव्वाचारशेच्या जवळ. आयएस ८७५ म्हणजे इमारतींवरच्या भाराचं भारतीय मानक, त्याच्या दुसऱ्या भागात माणसांचा वावर असलेल्या सपाट गच्चीसाठी चौरस मीटरला १५० किलो भार धरायला सांगितलं आहे, वावर नसेल तर ७५. घरगुती गच्चीला याच्या अडीच-तीन पट भार धरून कोणी डिझाइन करत नाही जी.

एवढं वजन टाकलं म्हणून स्लॅब दुसऱ्या दिवशी पडेल असं मी म्हणत नाही. तो हळूहळू झोल खातो. मधोमध झोल आला की पाणी आउटलेटकडे जायच्या ऐवजी तिथेच साचते. खालून बारीक चिरा पडतात, ओल सळईपर्यंत पोचते, सळई गंजून फुगते आणि छताचे पोपडे पडायला लागतात. गळती थांबवायला गेलो आणि घराचं आयुष्य कमी केलं, असं व्हायला नको.

तरी दार बंद झालं असं समजू नका. १९९४ चं घर आहे तं गच्चीवर बहुतेक ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा थर असेल. चार इंच कोब्याचं वजन चौरस मीटरला दोनशे किलोच्या घरात जाते. वॉटरप्रूफिंगसाठी तो काढणारच असाल आणि त्याजागी पातळ मेम्ब्रेन, म्हणजे पाणी अडवणारा पडदा, टाकणार असाल, तं तेवढा भार मोकळा होतो. त्यातला किती वापरायचा ते मात्र स्ट्रक्चरल इंजिनिअरने घरी येऊन, जुना नकाशा पाहून, स्लॅब ठोकून, गरज असेल तं काँक्रीटची ताकद तपासायचा रीबाउंड हॅमर लावून लेखी द्यायला पाह्यजे. तोंडी "चालते, काही होत नाही" म्हणणाऱ्याचं ऐकू नका. जुना नकाशा सापडला नाही तरी हरकत नाही, स्लॅबमधल्या सळया शोधायचं यंत्र मिळते.

दुसरं आउटलेटचं. २०२३ च्या २३ सप्टेंबरला पहाटे काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. तेवढा पाऊस तुमच्या गच्चीवर म्हणजे अकरा हजार लिटर, अकरा टन. मातीतल्या पानांनी पाइपचं तोंड बुजलं तं हे सगळं वरच थांबेल. म्हणून कठड्याला, हिरव्या थराच्या वर दोन-तीन इंचांवर, ओसंडायचं भोक ठेवायचंच. एक नाही, दोन ठेवा, आणि समोरासमोर ठेवा.

पाणलोट, बजाजनगर

वजनाचं वर नीट सांगून झालंय, मी पाण्याचा हिशेब मांडतो. पाटबंधारे खात्यात नोकरी झाली, आता नागपुरातल्या गच्च्या आणि बागा हेच काम आहे. हा प्रश्न माझ्याकडे दर उन्हाळ्यात येतो, म्हणून जरा लांब लिहितो.

कंत्राटदाराचं म्हणणं खरं धरू. समजा स्लॅबने पेललं आणि १,२०० चौरस फुटांवर, म्हणजे ढोबळ ११० चौरस मीटरवर, १५ सेंटीमीटर पाणी साठलं. ते झालं साडेसोळा हजार लिटर. ऑक्टोबरच्या सुरुवातीला पाऊस परततो, तेव्हा खोके काठोकाठ भरलेले आहेत. आता हे पाणी पहिलं कोण पिणार? खालची बाग नाही, वरचं लॉन. ऑक्टोबरच्या उन्हात लॉन दिवसाला तीन ते चार मिलिमीटर पाणी सहज ओढतं. १५० मिलिमीटरला चाराने भागा किंवा तीनाने, नोव्हेंबरच्या मध्याच्या आसपास खोके कोरडे. दिवाळी होते न होते तोच साठा संपलेला, आणि मे अजून पाच-साडेपाच महिने लांब. त्यापुढे वरच्या लॉनलाच नळाचं पाणी चढवावं लागेल. म्हणजे ज्या बागेसाठी हे करायचं, तिला एक थेंब नाही आणि पाणी मागणारी दुसरी बाग डोक्यावर.

मेमध्ये तर बोलायलाच नको. उघड्या भांड्यातलं पाणी आपल्याकडे दिवसाला सेंटीमीटरभर उडून जातं, लू सुटली की त्याहून जास्त. नवतपात चार-सहा इंच मातीवरचं लॉन हिरवं ठेवायचं तर सकाळ-संध्याकाळ पाणी.

ही कल्पना मुळात वाईट नाही. ती जिथून आली तिथलं आभाळ वेगळं आहे. ॲम्स्टरडॅममध्ये २०१८ ते २०२२ या काळात 'रेझिलिओ' नावाचा प्रकल्प झाला, त्यात सुमारे १०,००० चौरस मीटर निळी-हिरवी छतं केली. मातीखाली पाण्याचा थर, त्यातून वातींसारख्या तंतूंनी ओल वर चढते, आणि हवामानाचा अंदाज बघून झडप आपोआप उघडते, म्हणजे मोठा पाऊस यायच्या आधी जागा रिकामी होते. उत्तम काम आहे. पण तिथे पाऊस बाराही महिने थोडा थोडा पडत राहतो. छतावरची टाकी रिकामी होते न होते तोच ती पुन्हा भरते, त्यामुळे चार-आठ सेंटीमीटरचा साठाही वर्षभर कामाचा. नागपूरला वर्षाचा हजार-अकराशे मिलिमीटर पाऊस बहुतेक चार महिन्यांत पडून जातो आणि पुढे आठ महिने जवळजवळ काही नाही. आपल्याला आठ महिन्यांची साठवण लागते, ती छतावर पेलत नाही आणि टिकतही नाही.

म्हणून मी लोकांना सांगतो, वरचं पाणी वरच्या झाडांचं आणि खालच्या बागेचं पाणी खाली. छतावर दोन-तीन सेंटीमीटर पाणी धरा, तेही मातीखाली अंथरायच्या, वाट्यांसारखे खळगे असलेल्या ड्रेनेज बोर्डात आणि मातीच्या पोटात. दहा सेंटीमीटर जाडीचं हलकं मिश्रण स्वतःच चौरस मीटरला तीसेक लिटर पाणी धरून ठेवतं, त्यासाठी वेगळे खोके लागत नाहीत. एवढा साठा ऑगस्टमधली आठवड्याची उघडीप निभावून नेतो. ऑक्टोबर हीटमध्येही मदत करतो. त्याच्याकडून यापेक्षा जास्त मागू नये.

उरलेलं पाणी टाकीत. तुमच्या गच्चीवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे ११० लिटर. एका पावसाळ्यात तुमच्या डोक्यावर लाखभर लिटर पाणी पडतं आणि आज ते पाइपने रस्त्यावर जातं. ताई, हे पाणी तुमच्या बागेला पुरून उरेल इतकं आहे. प्रश्न फक्त ते ठेवायचं कुठे याचा आहे.

तुमच्या बागेला रोज किती पाणी घालता आणि घराजवळ विहीर किंवा बोअर आहे का, ते कळवा. मग टाकीचा आकडा सांगता येईल.

सोनचाफा, मनीषनगर

तुम्हा दोघांचे मनापासून आभार. नोव्हेंबरमध्येच पाणी संपेल हे कुणीच सांगितलं नव्हतं. लॉनचा विचार मी आत्ताच सोडला.

उन्हाळ्यात अर्धा तास नळी लावून पाणी देते, लिटरमध्ये मोजलेलं नाही. खाली लॉन नाही, झाडं-झुडपंच आहेत. बोअर आहे, पण एप्रिलनंतर हवा सोडतो. विहीर नाही. जमीन काळी, दोन-अडीच फुटांखाली मुरूम लागतो. अंगणात गेटजवळ टाकीसाठी जागा निघू शकेल.

एक विचारते. वरचा मजला थंड व्हावा ही माझी इच्छा अजून आहे. गच्चीच्या अर्ध्या भागावर पातळ हिरवं छत केलं तर मेमध्ये पाणी न घालता टिकतील अशी झाडं आहेत का? आणि कूलरसाठी वाळा लावता आला तर फार आनंद होईल.

माळीकाम, हिंगणा रोड

वाळा गच्चीवर नको ताई. त्याची मुळं सरळ खाली, माणसाच्या उंचीहून खोल जायला बघतात. चार इंचांत तो फोफावणार नाही आणि मुळी कूलरच्या ताटीला लागते तेवढी लांब होणार नाही. त्याला खाली, टाकी ओसंडते त्या बाजूला जागा द्या. तिथे तो खुशीत वाढेल.

गच्चीवर मेमध्ये पाणी न घालता हिरवं काही राहील, असं मी कबूल करणार नाही. पण वाळून पुन्हा फुटणारी झाडं आहेत आणि मला तीच नागपूरसाठी योग्य वाटतात. पावसाळी लिलीचा कांदा उन्हाळाभर मातीत झोपून राहतो आणि पहिल्या चांगल्या सरीनंतर आठवड्याभरात गुलाबी-पांढरी फुलं वर येतात. दूर्वा पिवळ्या पडतात, मरत नाहीत. कोरफड तांबूस होते, पावसाने परत भरते. ऑफिस टाइमच्या काड्या इकडेतिकडे पडल्या तरी जूनमध्ये फुटतात. जांभळ्या पानांची ट्रेडेस्कॅन्शिया कठड्याच्या सावलीला बरी राहते. बाहेरच्या देशांत छतांवर सेडम या मांसल पानांच्या बुटक्या झाडाचे गालिचे करतात, त्याचे फोटो बघून लोक मागतात. आपल्याकडे जुलैच्या सततच्या ओलीत ते सडताना आणि मेमध्ये भाजताना मी बघितलेत, म्हणून देत नाही.

मातीबद्दल. शेतातली काळी माती गच्चीवर चढवू नका. ओली झाली की फुगते, जड होते, पाणी खाली जाऊ देत नाही, आणि उन्हाळ्यात बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. विटांचा जाडसर चुरा निम्म्याहून जास्त, मग कोकोपीट, आणि गांडूळखत एखादी मूठ म्हणावं इतकंच. खत जास्त घातलं तर थर दोन वर्षांत बसून अर्धा होतो, आणि पावसाबरोबर खताचा अंश खाली वाहतो. कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांची राख हलकी पडते आणि सहज मिळते म्हणून मिसळायला सांगणारे भेटतील. ती खारट-अल्कली असते, झाडांच्या थरात मी घालत नाही.

आणि पिंपळ! दिवाळीच्या सुमाराला गच्चीवर गुडघ्यांवर बसून आउटलेटची कड बघायची. कावळे-मैना बी टाकतात. दोन पानांचं रोप दिसतं, पान अंगठ्याच्या नखाएवढं, तांबूस कोवळं. उपटायला गेलं की कळतं, मूळ वीतभर लांब, शिवायच्या दोऱ्याइतकं बारीक, पाइप आणि काँक्रीटच्या मधल्या फटीत सरळ शिरलेलं. तेव्हा ओढून निघतं. पुढच्या पावसाळ्यानंतर तेच मूळ पेन्सिलीएवढं होतं आणि मग पाइप फोडूनच काढावं लागतं. वड आणि उंबर, त्यांचंही तसंच. मेम्ब्रेनवर मूळरोधक थर टाकला तरी ही तपासणी सोडायची नाही.

पाणलोट, बजाजनगर

झाडांचं वर सांगितलंय त्याला माझा पूर्ण दुजोरा.

आता टाकी. तुमची बाग ५६ चौरस मीटर. लॉन नाही, जुनी मुळावलेली झाडं, बुडाशी वाळक्या पानांचा तीन-चार इंच थर दिला आणि ठिबक लावलं, तर उन्हाळ्यात दिवसाला सरासरी अडीच मिलिमीटर पुरतं, म्हणजे १४० लिटर. फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत चार महिने धरा: १७,००० लिटर. पारिजातक आणि सोनचाफ्याला रोज शिंपडू नका, आठवड्यातून एकदा भरपूर द्या, मूळ खाली जातं. भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी रोज बादलीभर तरी निघतं, तेही बागेलाच. मग १५,००० लिटरची टाकी पुरते. तीन मीटर लांब, अडीच रुंद, दोन खोल. काळ्या मातीत ती बांधताना चारी बाजूंनी मुरूम भरून घ्या, कारण ही माती पावसाळ्यात फुगून भिंतीला दाब देते, आणि सळईचा हिशेब त्याच इंजिनिअरकडून करून घ्या.

गच्चीचे दोन भाग करा आणि दोन वेगळे पाइप उतरवा. हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि बहुतेक ठिकाणी तोच राहून जातो. हिरव्या भागातून येणारं पाणी पहिल्या काही पावसांत चहाच्या रंगाचं असतं, त्यात कोकोपीटचा रंग आणि खताचा अंश उतरतो. झाडांना ते चांगलंच, पण बोअरमध्ये ते सोडू नये. म्हणून हिरव्या भागाचा पाइप फक्त बागेच्या टाकीला. मोकळ्या स्लॅबचा पाइप आधी टाकीला, टाकी भरली की गाळणीतून शोषखड्ड्याला. खड्डा मुरमापर्यंत न्या, काळ्या मातीतच थांबवला तर पाणी मुरणार नाही, नुसतं तुंबेल. मोसमातला पहिला पाऊस दोन्ही पाइपांतून बाहेर जाऊ द्या, गच्ची धुऊन निघू दे.

टाकी भरायची चिंता करू नका. ५५-६० चौरस मीटर मोकळ्या स्लॅबवरून एका मिलिमीटरला पन्नास लिटर तरी हाती येतं. १५,००० लिटरला ३०० मिलिमीटर पाऊस पुरे, तेवढा चांगल्या वर्षी एकट्या जुलैत होतो. त्यानंतरचा सगळा पाऊस जमिनीत. तुमचा बोअर एप्रिलनंतर हवा सोडतो म्हणता, त्याच्यासाठी तुमच्या हातात असलेला उपाय हाच आहे. पावसाळ्यात बागेसाठी टाकीला हात लावू नका, म्हणजे सप्टेंबरच्या शेवटच्या सरींनंतर ती काठोकाठ राहील.

डास. डेंगी पसरवणाऱ्या एडिस डासाला अंडं ते डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात आणि त्याला स्वच्छ साठलेलं पाणीच आवडतं. मातीखालच्या बोर्डातलं पाणी झाकलेलं असतं, तिथे तो पोचत नाही. पण आउटलेटची तपासणी पेटी, ओसंडायची भोकं, टाकीचा हवापाइप आणि झाकण, या चारही ठिकाणी बारीक जाळी पाहिजे. गच्चीवर कुठेही दोन दिवसांनंतर डबकं दिसलं तर उतार चुकलाय, तो मेम्ब्रेन टाकण्याआधीच दुरुस्त करून घ्या.

ठिबकला तासाला चार लिटरचे ड्रिपर आणि आधी डिस्क फिल्टर. या पाण्यात रंग आणि बारीक कण असतात, फिल्टरशिवाय ड्रिपर पहिल्याच उन्हाळ्यात बुजतील. टाकी जमिनीखाली असल्याने छोटा पंप लागेल, अर्ध्या अश्वशक्तीचा बस झाला.

सोनचाफा, मनीषनगर

इंजिनिअर रविवारी येणार आहेत. जुना नकाशा घराच्या कागदांत सापडला, त्यात सळयांचा तक्ताही आहे. कंत्राटदाराला खोके आणि लॉन नको म्हणून कळवलं.

शेवटचे दोन प्रश्न. गच्चीचा कुठला अर्धा भाग हिरवा करू? आणि जूनच्या आधी हे सगळं होईल का?

स्लॅब-बीम, खामला

नकाशा सापडला हे फार चांगलं झालं. हिरवा भाग कुठे ते पाणलोट सांगतील, मी एवढंच म्हणतो की कुंड्या आणि जड काही असेल ते बीमच्या किंवा भिंतीच्या रेषेवर ठेवा, स्लॅबच्या मधोमध नाही.

पाणलोट, बजाजनगर

पश्चिमेच्या खोल्यांवरचा भाग हिरवा करा. दुपारनंतरचं ऊन तिथेच सगळ्यात जास्त साठतं आणि रात्री तेच खाली उतरतं. मेमध्ये झाडं वाळली तरी दहा सेंटीमीटरचा थर स्लॅबवर थेट ऊन पडू देत नाही, त्यामुळे खोलीत फरक जाणवतोच. जिन्याची खोली आणि पाण्याच्या टाकीभोवतीचा भाग मोकळा ठेवा, तिथे दुरुस्तीला माणसं जाणार. कठड्याला लागून सगळीकडे फूटभर रुंदीची गोट्यांची पट्टी ठेवा, माती भिंतीला टेकू देऊ नका, आणि मेम्ब्रेन कठड्यावर फूटभर वर चढवून घ्या.

वेळेचं म्हणाल तर सगळं एकदम उरकू नका. पाऊस आपल्याकडे जूनच्या मध्याला येतो. त्याआधी कोबा काढणं, उतार, मेम्ब्रेन आणि दोन पाइप एवढंच करा. मेम्ब्रेन झाली की आउटलेट बंद करून दोन-तीन दिवस पाणी भरून ठेवा आणि खालच्या छताला रोज हात लावून बघा. हे झाल्याशिवाय कंत्राटदाराचे शेवटचे पैसे देऊ नका. टाकीचा खड्डा उन्हाळ्यातच खणून बांधून घ्या, काळ्या मातीत पावसाळ्यात खणणं शक्य होणार नाही. वॉटरप्रूफिंगने एक पावसाळा कोरडा काढला की माती आणि झाडं पुढच्या जूनला चढवा. तोपर्यंत पूर्ण गच्ची मोकळी असल्याने टाकी पहिल्याच वर्षी भरेल आणि येत्या मेमध्ये पारिजातकाला टँकरचं पाणी लागणार नाही.